वेडेलियाची ओळख परेड

तांबडघाट नगरपरिषदेने वेडेलियाला हद्दपारीची नोटीस बजावली, तेव्हा तिने आधी ओळख परेड घेण्याची मागणी केली.

मागणी रीतसर होती. उद्यान निरीक्षक रसाळ यांनी नोटीस बागेच्या फाटकाजवळ एका खुंटीला बांधली होती. आठवड्याभरात वेडेलियाने खुंटी वरपर्यंत वेढून टाकली, आणि खुंटी वेढली म्हणजे नोटीस पोचली, असं नगरपरिषदेत धरतात. रसाळ खात्री करायला गेले तेव्हा ती त्यांना म्हणाली, "तुमचा कागद वाचला. 'पिवळ्या फुलांची, जमिनीसरशी पसरणारी, उपद्रवी वनस्पती' असं त्यात म्हटलंय. या वर्णनाच्या गावात पुष्कळ जणी निघतील. ती मीच, हे कुणीतरी मला हात लावून सांगावं. मग मी जाईन." बोलताना तिची सगळी फुलं एका बाजूला वळत, त्यामुळे ती कोणाशी बोलते आहे याचा कधी घोटाळा होत नसे.

वेडेलिया गावात आली ती आमंत्रणावरूनच. रस्ता रुंद झाला आणि दुभाजक उघडाबोडका दिसू लागला, म्हणून नगरपरिषदेने तिला नर्सरीतून ट्रे भरभरून आणलं. पाणी बेताचं लागतं, ऊन-सावली दोन्ही चालतं, गुरं तोंड लावत नाहीत, वर बारा महिने फूल. आणखी काय हवं? जाता-येता बायका तिची एखादी कांडी खुडून पिशवीत टाकू लागल्या. विचारून नेलेलं रोप जगतं आणि न विचारता नेलेलं फोफावतं, हे तांबडघाटात सर्वांना ठाऊक असल्यामुळे कुणी विचारत नसे. दुभाजकावरून ती अंगणात गेली, अंगणातून गटारात, आणि गटाराच्या कडेकडेने उतरत भैरीच्या झऱ्यापाशी पोचली. तिथे तक्रार झाली.

तक्रार डॉ. मुकुंद सामंत यांची होती. सामंतसर वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. झऱ्याच्या ओलीत पिवळा माका होता. तोही जमिनीसरशी पसरणारा, पिवळ्याच फुलांचा, फक्त अंगाने बारीक आणि चालीने संथ. पूर्वी गावातल्या बायका तो केसांच्या तेलात घालत. मग भातखाचरं बुजली, पाणथळी गेल्या, आणि सरांच्या माहितीत तरी त्या भागात तो आता एवढाच उरला होता, एका बैलगाडीखाली मावेल इतका. सरांनी तो शोधून काढला होता. आयुष्यात आपण नेमकं काय केलं असं मनात आलं की सर त्या झऱ्यापाशी जाऊन बसत आणि थोड्या वेळाने बऱ्यापैकी शांत होऊन घरी येत. आता वेडेलिया त्याच्यावर चढली होती. पुढचा पाऊस संपेपर्यंत माका खाली गुदमरून संपला असता, हे सांगायला प्राध्यापकाची गरज नव्हती.

ओळखायला मात्र होती. तिच्या मागणीनंतर मुख्याधिकारी शिरोळेबाईंनी सरांनाच साक्षीदार म्हणून बोलावलं आणि नियम समजावले. सारख्या अंगकाठीच्या चार-पाच वनस्पती रांगेत ठेवल्या जातील. साक्षीदाराने जिला हात लावला, ती ओळखली गेली. मग ती आणि तिचे झाडून सगळे भाऊबंद गावाच्या हद्दीबाहेर. हात चुकीच्या ठिकाणी लागला तरी निकाल तोच. आणि हात कुणालाच लागला नाही, तर वेडेलिया निर्दोष. तिच्यावर पुन्हा त्याच कारणासाठी नोटीस काढता येणार नाही.

"रांगेत पिवळा माकाही असेल," शिरोळेबाई म्हणाल्या. "दिसायला सर्वांत जवळचा तोच. त्याला वगळलं तर परेड रद्द होते."

"पण माझा हात चुकून माक्याला लागला तर?"

"तर माका जाईल."

सरांना त्यानंतर जेवण गोड लागेना.

परेडीच्या दिवशी सर आणि त्यांच्या पत्नी कुमुदताई वेळेआधीच नगरपरिषदेत जाऊन बसले. साक्षीदाराला रांग आधी दिसू नये म्हणून रसाळांनी त्यांना जन्म-मृत्यू नोंदणीच्या खोलीत बसवलं आणि दार लोटून घेतलं.

"पानाला तीन कंगोरे," सर पुटपुटत होते. "तिच्या पानाला मधला मोठा, बाजूला दोन लहान. माक्याचं पान सरळ, भाल्यासारखं. पण तिच्या कोवळ्या शेंड्याला कंगोरे नसतात. आणि सावलीतल्या माक्याचं पान रुंदावतं."

"मग फूल बघा."

"फूल बघेनच. पाकळ्या तिच्या जास्त, त्याच्या कमी. पण पावसाने झडल्या असल्या तर?"

"काल पाऊस नव्हता, अहो."

"वाऱ्याने?"

कुमुदताईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली. "भाजीवाल्यापाशी एक भोपळा निवडायचा तर तुम्ही गल्लीचा रस्ता अडवून धरता. लग्नाला होकार कसा दिलात हो?"

"तुझ्या वडिलांनी विचारलं नव्हतं. तारीखच सांगितली."

कुमुदताई हसल्या. मग म्हणाल्या, "माझं विचाराल, तर ती गेली की मला चुकल्यासारखं होणार आहे. सकाळी रांगोळी काढताना तेवढीच माझ्याशी बोलते. तुम्ही पेपरात डोकं घालून बसता."

"काय बोलते?"

"काही नाही. शेजारणीच्या तुळशीबद्दल."

दार किलकिलं झालं. रसाळांनी डोकं आत घातलं. "सर, जरा थांबा हं. पंचांचा चहा व्हायचाय."

पंच दोघे होते, बेकरीवाले अस्लमभाई आणि शिवणक्लास चालवणाऱ्या चौधरीबाई. तांबडघाटात पंचनामा कसलाही असो, चहा झाल्याशिवाय पंच सही करत नाहीत आणि कुणी त्यांना तसं करायला सांगतही नाही. थोड्या वेळाने रसाळ पुन्हा डोकावले. "चहा बिनसाखरेचा आला. अस्लमभाईंना चालतो, चौधरीबाईंना नाही. परत पाठवलाय." त्यानंतर साखरेचा आला तो गार होता. तोही परत गेला. रसाळ आता घामाघूम झाले होते, पण पंचांना कोरड्या तोंडाने उभं करणं त्यांच्या हातून होणार नव्हतं.

अखेर सरांना सभागृहात नेलं, तेव्हा रांग नव्हती.

लांब टेबलावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकच हिरवी गादी पसरली होती आणि तिच्यावर जागोजाग पिवळी फुलं होती. कुंड्या खाली कुठेतरी असाव्यात. शिरोळेबाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

"रसाळ, हे काय?"

"मॅडम, आरोपीनं जागा बदलली."

"बदलू दे. तिचा हक्क आहे तो. कुठली घेतली?"

"सगळ्या."

शिरोळेबाईंनी नियम पुन्हा वाचला आणि मान हलवली. "आरोपीला रांगेत पसंतीची जागा घेण्याची मुभा आहे. एकच घ्यावी, असं म्हटलेलं नाही."

"मला रांगच पसंत पडली," वेडेलिया म्हणाली. "चहाला फार वेळ लागला. नुसती बसून काय करणार?"

"बाकीच्या कुठं आहेत?" अस्लमभाईंनी वाकून पाहिलं.

"खाली आहेत सगळ्या," रसाळ म्हणाले. "बुटकी शेवंती, सोनकी, एकदांडी. मघाशी सोनकीचा आवाज येत होता. आता येत नाही."

"मग सोपंच झालं की!" चौधरीबाई म्हणाल्या. "सरांनी कुठंही हात ठेवावा. लागेल तो हिलाच."

"नाही हो," सर घाईघाईने म्हणाले. "खाली माका आहे ना."

शिरोळेबाईंनी विचार केला. "बरोबर आहे. हाताखाली जे जे येईल, ते ते ओळखलं गेलं असंच धरावं लागेल. सर, घाई नाही. पण हात जपून."

सरांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा पुसला. टेबलाच्या या कडेपासून ते वाकून पाहू लागले. एक पान तीन कंगोऱ्यांचं दिसलं. त्याच्या शेजारचं नव्हतं. ते तिचंच कोवळं पान होतं की खालून वर डोकावणारा माका? देठ शोधायचा तर पानं बाजूला करावी लागली असती, आणि पानं बाजूला करणं म्हणजे हात लावणंच. त्यांनी हात मागे बांधले आणि फुंकर मारून पाहिली. पानं हलली, पण कुणाची कोण ते कळलं नाही. त्यांच्या मनात आलं, आपल्या जागी दुसरा कुणीही असता तर एव्हाना घरी गेला असता.

"सर," वेडेलिया म्हणाली, आणि टेबलभरची फुलं त्यांच्याकडे वळली. "साक्षीदाराला एक विचारायचंय."

"विचारा," शिरोळेबाई म्हणाल्या.

"मी तुमच्या दाराशी राहते. कुमुदताईंचा आणि माझा घरोबा आहे. तुम्ही मला रोज ओलांडून जाता. तरी मला ओळखायला तुम्हाला इतका वेळ का लागतो?"

कुमुदताई मागच्या बाकावर होत्या. त्यांनाही उत्तर ऐकायचं होतं, असं त्यांच्या मानेवरून दिसत होतं.

सरांनी प्रश्नाचा नीट विचार केला. "मी रोज ओलांडतो त्या तुम्ही रोज वेगळ्या असता," ते म्हणाले. "काल पायरीपाशी होतात ती पानं आज मागे राहिलेली असतात. पुढे आलेली पानं मी आधी कधी पाहिलेली नसतात. त्यांना मी कसं ओळखतो म्हणू? वेडेलिया पुढे आली असेल, असा अंदाज करतो आणि चालू लागतो."

"असं मला कुणी म्हटलं नव्हतं," ती म्हणाली.

मग सरांनी टेबलाच्या कडेवरून खाली लोंबणारी एक कांडी पाहिली. तिच्याखाली नुसती हवा होती. तीन कंगोऱ्यांचं एक पूर्ण वाढलेलं पान त्या कांडीवर होतं. सरांनी उजव्या हाताची करंगळी पुढे केली आणि पानाच्या टोकाला टेकवली.

"ही," ते म्हणाले. "बहुधा."

अस्लमभाईंनी सही करायला घेतलेलं पेन वर उचललं.

"'बहुधा' वगळून सांगा, सर," शिरोळेबाई म्हणाल्या.

"वगळलं तर मग ते माझं सांगणं राहणार नाही."

"कायद्यात 'बहुधा'ला जागा नाही."

"नसेल. पण हे पान तिचं आहे असं मी म्हणू शकतो, आणि तेही बहुतेक. हे पान त्या फुलाचं आहे का, ते फूल त्या कुंडीतलं आहे का, हे मला इथून सांगता येणार नाही. त्यासाठी एकेक कांडी मुळापर्यंत बघावी लागेल. मी खोटं बोलत नाही, बाई. मला खरंच माहीत नाही." आपण आत्ता माक्याला मारलं की वाचवलं, हेही सरांना कळत नव्हतं.

शिरोळेबाईंनी नियम उलटसुलट वाचून पाहिले. त्या कडक होत्या, पण नियमांवर त्यांचं प्रेम होतं, आणि ज्या नियमातून पुढे काहीच निघत नाही तो त्यांना अपुरा वाटे. शेवटी त्यांनी निकाल सांगितला. ओळख बहुधा पटली आहे. सबब वेडेलिया बहुधा हद्दपार करण्यात येत आहे.

"म्हणजे उपटायची का नाही, मॅडम?" रसाळांनी विचारलं.

"ज्या कांडीला सर हात लावतील ती उपटायची. ज्या कांडीला लावणार नाहीत ती नाही. प्रत्येक कांडीची ओळख परेड वेगळी."

"सगळ्या गावात?"

"झऱ्यापासून सुरू करा."

"मला मान्य आहे," वेडेलिया म्हणाली. "सर एक कांडी बघून होईतो मी पुढे गेलेली असेन."

"शक्य आहे," सर म्हणाले.

घरी आल्यावर कुमुदताईंनी दारातली वेडेलिया मुळासकट काढून एका मोठ्या कुंडीत घातली, कुंडी पायरीवर मधोमध ठेवली आणि तिला म्हणाल्या, "इथून पाय बाहेर काढलास तर बघ हं." तिने काढला नाही. कुमुदताईंना अंदाजाने चालायची सवय नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून सर सकाळचा चहा घेऊन झऱ्यापाशी जाऊ लागले. बसायला एक पाट नेत. रसाळ कोयता आणि गोणी घेऊन येत. सर एक कांडी बोटांच्या चिमटीत न धरता काडीने वर उचलत, पेरापेराने मागे जात, कुठे मूळ धरलं आहे ते पाहत, खाली कोण आहे ते पाहत, मग हात लावत. "ही. बहुधा." रसाळ ती मुळासकट ओढून गोणीत टाकत. तिचं एक पेरसुद्धा ओल्या मातीत राहिलं तर तिथून ती पुन्हा सुरू होई. पूर्वी रसाळांच्या माणसांनी उपटून ओढ्यात टाकली होती, तर ओढाभर झाली. म्हणून गोण्या आता नगरपरिषदेच्या गच्चीवर उन्हात रित्या करत आणि पार कडकडीत वाळल्याशिवाय खाली आणत नसत.

"सर, अख्खी जाळी ओढू का?" रसाळ पहिल्या दिवसांत विचारत. "एका हिसक्यात मोकळं होईल सगळं."

"नको. जाळीत कोण कोण आहे ते बघू दे."

"तुम्ही ओळखेस्तोवर ती मागून येतेय, बघा की."

"दिसलं. तिकडे वळूच."

ती खरंच मागून येत असे. सरांनी एक बाजू संपवली की दुसऱ्या बाजूने तिचे कोवळे, बिनकंगोऱ्याचे शेंडे पाटाखाली आलेले असत. "आलात?" ती विचारे. "आलो," सर म्हणत, आणि पाट उचलून तिच्याकडे तोंड करून मांडत. हळूहळू ते तिला अरे-तुरे करू लागले. ती त्यांना सरच म्हणे. कधी ती सांगे की दुभाजकावरचं ऊन तिला कधीच आवडलं नव्हतं. कधी सर तिला सांगत की महाविद्यालयात त्यांनी वर्षानुवर्षं जी नावं मुलांना घोकायला लावली, त्यांतली निम्मी आता बदलली आहेत, आणि ते कळल्यावर त्यांना दोन रात्री झोप आली नव्हती. ती ऐकून घेई आणि ऐकता ऐकता वीतभर पुढे सरकलेली असे.

दिवाळीच्या सुमाराला माक्याला चटईएवढी मोकळी जागा मिळाली. मग सतरंजीएवढी. चालीने संथ असला तरी तो थांबणारा नव्हता. थंडी पडली तेव्हा त्याची पहिली मुळं पाण्यापर्यंत गेली, आणि त्या दिवशी रसाळांनी गोणी खाली ठेवून, कुणी न सांगता, चपला काढल्या. वेडेलिया कमी झाली नव्हती. तीही वाढतच होती, फक्त माक्यावरून नाही. सर एखाद दिवशी तापाने निजले तर ती कडेला थोडी चढे, आणि सर बरे होऊन आले की तेवढी उतरे. याला व्यवस्थापन म्हणतात, असं शिरोळेबाईंनी एकदा पाहणीला आल्यावर सांगितलं. किती दिवस चालेल, असं सरांनी विचारलं. "तुम्ही यायचं थांबेपर्यंत," त्या म्हणाल्या. सरांना ही मुदत प्रथमच कुणीतरी स्पष्ट सांगत होतं. त्यांना ती पुरेशी वाटली.

माघात एके सकाळी वेडेलिया आणि माका यांच्या मधल्या ओलीवर सरांना एक रोप दिसलं. नवंच होतं, जेमतेम पसरू लागलेलं. पानाला कंगोरे होते, पण नसल्यासारखे. पान तिच्यासारखं रुंद नव्हतं आणि माक्यासारखं भाल्याचंही नव्हतं. फुलाच्या पाकळ्या सरांनी मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि त्या तिच्या म्हणायला कमी पडत होत्या आणि त्याच्या म्हणायला जास्त होत होत्या. ते पेरापेराने मागे गेले. रोप कुठूनही आलेलं नव्हतं. ते तिथेच उगवलेलं होतं, बियांतून.

रसाळ कोयता घेऊन वाट पाहत होते. सरांचा हात पुढे झाला आणि पानावर येऊन अधांतरी थांबला.

"हे तुझं का?" त्यांनी वेडेलियाला विचारलं.

तिची फुलं त्या रोपाकडे वळली आणि तशीच राहिली. "मला वाटतंय की असावं," ती म्हणाली. तिचा आवाज सरांना ओळखीचा वाटेना. "पण खात्रीनं नाही सांगता येत, सर. थोडं माझं आहे. थोडं नाही."

"मग काय करू?"

"मला नका विचारू. त्याला विचारा."

इतक्या वर्षांत सरांनी माक्याला कधी काही विचारलं नव्हतं. आपण विचारलं आणि तो काही म्हणाला, तर आपल्याला त्याचं ऐकावं लागेल, ही भीती त्यामागे असावी. ते पाटावरून उठले, गुडघे मातीत टेकले आणि पाण्याकाठच्या त्या बारीक, जुन्या पानांशी तोंड नेलं.

"याला हात लावू का?" त्यांनी हळूच विचारलं. "तुमच्या जागेत आहे. तुम्ही म्हणाल तसं."

रसाळांनी कोयता या हातातून त्या हातात घेतला. मग माका बोलला. आवाज जाडाभरडा होता, फार दिवस न वापरलेला.

"त्याला जरा सरकायला सांगा," तो म्हणाला. "ऊन अडतंय."

सरांनी सांगितलं. रोप सरकलं.